जुने स्मार्ट कंट्रोलर नव्या ऑटोमेशन प्लॅटफॉर्मवर नेताना: उपकरणांची ओळख जपणारे स्थलांतर

घरातील दिवे, पडदे, पंप आणि सेन्सर एका हबला किंवा कंट्रोलरला जोडून काही वर्षे झाली की प्लॅटफॉर्म बदलण्याचा प्रश्न आज ना उद्या समोर येतोच. कधी जुने हब नवी उपकरणे स्वीकारत नाही, कधी साध्या नियमासाठीही इंटरनेटवर अवलंबून राहावे लागते, तर कधी उत्पादकच सेवा गुंडाळतो. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले, तेव्हा ज्यांनी आपले हब रिसेट केले नव्हते त्यांना ते घरातील नेटवर्कवरूनच होम असिस्टंट या घरातच चालणाऱ्या ऑटोमेशन सॉफ्टवेअरशी जोडून काम चालू ठेवता आले. रिसेट केलेल्या हबची मांडणी पुन्हा करून देणारा सर्व्हर मात्र त्या वेळी अस्तित्वातच नव्हता.

प्लॅटफॉर्म बदलताना भिंतीतील रिले (आज्ञेवर वीज चालू-बंद करणारा स्विच) जागचा हलत नाही आणि वायरही हलत नाही. हलते ती फक्त ओळख. उपकरण आपल्या नेटवर्कला गुप्त कीवरून ओळखते, कंट्रोलरला पत्त्यावरून ओळखते, आणि तुमचे नियम उपकरणाला नावावरून ओळखतात. की, पत्ता आणि नाव या तीन गोष्टी जशाच्या तशा पुढे नेता आल्या, तर साठ उपकरणांचे घरही एका संध्याकाळीत नव्या प्लॅटफॉर्मवर येऊ शकते. त्या हरवल्या, तर प्रत्येक स्विच-बॉक्स उघडून सुरुवातीपासून जोडणी करावी लागते. म्हणून ‘सगळे काढून टाकू आणि नव्याने जोडू’ हा मार्ग सोपा वाटत असला तरी तो शेवटचा पर्याय म्हणूनच ठेवावा. पुढील उदाहरणांत नवा प्लॅटफॉर्म म्हणून होम असिस्टंट गृहीत धरला आहे, परंतु ओपनहॅब किंवा अन्य स्थानिक प्लॅटफॉर्मकडे जातानाही क्रम हाच राहतो.

पहिली पायरी: नोंदवही

कोणतेही उपकरण हलवण्यापूर्वी एका तक्त्यात प्रत्येकाची नोंद करावी: खोली, सध्याचे नाव, मॉडेल, प्रोटोकॉल (उपकरण ज्या भाषेत बोलते ती: झिगबी, झेड-वेव्ह, मॅटर किंवा वाय-फाय), वीज मेनवरून की बॅटरीवरून, हार्डवेअर पत्ता, जोडणीचा कोड आणि ते उपकरण ज्या नियमांत वापरले आहे ते नियम. हार्डवेअर पत्त्याचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण स्थलांतराच्या दिवशी सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. पडद्यावर एकाच मॉडेलचे आठ रिले दिसू लागले की स्वयंपाकघरातील कोणता आणि व्हरांड्यातील कोणता हे फक्त पत्ताच सांगू शकतो.

जोडणीचे कोड शोधणे हे या पायरीतील खरे कष्टाचे काम आहे. मॅटर उपकरणाचा क्यूआर कोड किंवा झेड-वेव्ह उपकरणाची डीएसके ही सुरक्षा-ओळख बहुधा उपकरणाच्या पाठीवर छापलेली असते, आणि उपकरण भिंतीत बसवले की ती पाठ दिसत नाही. खोके जपून ठेवले नसेल तर मेन स्विच बंद करून, वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून मगच बॉक्स उघडावा आणि स्टिकरचा स्पष्ट फोटो काढून तो नोंदवहीत जोडावा. हे काम सवडीने आधीच उरकावे. जोडणी अर्धवट अडकलेली असताना काळोखात स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याची वेळ येऊ नये.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही जोडण्या हबमध्ये नसून उपकरणांमध्येच साठवलेल्या असतात. झिगबीमधील बाइंडिंग आणि ग्रुप, तसेच झेड-वेव्हमधील असोसिएशन यांमुळे भिंतीवरचा रिमोट कंट्रोलरला न विचारता थेट दिव्याशी बोलतो. जुन्या प्लॅटफॉर्मच्या नियमांच्या यादीत या जोडण्या दिसतीलच असे नाही. कंट्रोलर काही मिनिटे बंद ठेवून कोणते स्विच तरीही काम करतात ते पाहावे, म्हणजे या जोडण्या आपोआप उघड होतात.

दुसरी पायरी: प्रती घेणे आणि त्या तपासणे

प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. त्या प्रतीत कोणती ओळख आहे आणि कोणती नाही हे माहीत असावे लागते. झिगबी-टू-एमक्यूटीटी हे झिगबी उपकरणांना प्लॅटफॉर्मशी जोडणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या डेटा फोल्डरमधील कॉन्फिगरेशन फाइल, उपकरणांची डेटाबेस फाइल आणि कोऑर्डिनेटरची (झिगबी जाळे चालवणाऱ्या यूएसबी डॉंगलची) बॅकअप फाइल या तिन्ही हव्यात. झेड-वेव्हमध्ये स्टिकच्या (यूएसबी कंट्रोलरच्या) अंतर्गत मेमरीचा बॅकअप आणि सुरक्षा-की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेड-वेव्ह जेएस वापरताना एस-० आणि एस-२ या सुरक्षा-पातळ्यांच्या की त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतात, त्यामुळे स्टिकचा बॅकअप परत आणूनही की नसतील तर कुलूप यादीत दिसेल, परंतु आज्ञा मानणार नाही. ईएसपी-होम या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बोर्डांसाठी प्रत्येकाची मूळ यामल (मांडणीची) फाइल, एपीआयची (प्लॅटफॉर्मशी बोलण्याच्या मार्गाची) एन्क्रिप्शन की आणि अपडेटचा पासवर्ड जपावा, कारण बोर्डवरून ती फाइल परत काढता येत नाही. होम असिस्टंटचे बॅकअप २०२५ पासून आपोआप एन्क्रिप्ट होतात. त्यांची की त्याच यंत्रावर ठेवून यंत्र पुसले, तर बॅकअप असून नसल्यासारखाच.

बंद स्वरूपाच्या हबमध्ये निर्यातीची सोय नसते. तेथे प्रत्येक नियमाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि सोबत तो नियम नेमका कशासाठी केला होता हे एका वाक्यात लिहावे. पुढे नियम नव्याने लिहिताना स्क्रीनशॉटपेक्षा ते वाक्यच अधिक कामाला येते.

झिगबीच्या बॅकअपबाबत वेळेचेही महत्त्व आहे. नेटवर्कमधील प्रत्येक एन्क्रिप्टेड संदेशावर वाढत जाणारा एक क्रमांक असतो, त्याला फ्रेम काउंटर म्हणतात. कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवू नये यासाठी उपकरणे आधी पाहिलेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाचा संदेश नाकारतात. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप नव्या डॉंगलवर उतरवला तर त्याचा काउंटर मागे पडलेला असू शकतो, आणि मग की बरोबर असूनही घर मुके झाल्यासारखे वाटते. म्हणून स्थलांतराच्या दिवशीच, जुनी यंत्रणा बंद करण्याच्या अगदी आधी, ताजा बॅकअप घ्यावा.

तिसरी पायरी: नवा प्लॅटफॉर्म शेजारी उभा करणे

नवे यंत्र जुन्याच्या शेजारी पूर्ण सज्ज करावे आणि तोपर्यंत जुन्याला हात लावू नये. नेटवर्क केबलने जोडलेले, एसडी कार्डऐवजी एसएसडीवर चालणारे आणि राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता राखून ठेवलेले यंत्र पुढे कमी त्रास देते. ठिकाण आणि टाइम झोन आधी तपासावा. सूर्यास्ताचे सगळे नियम त्यावर अवलंबून असतात.

झिगबी डॉंगल थेट यूएसबी ३.० पोर्टमध्ये खोचू नये. या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो आणि झिगबीही त्याच पट्ट्यात बोलते. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डॉंगल यंत्रापासून आणि वाय-फाय राउटरपासून दूर ठेवावे. ज्याला लोक ‘सेन्सर मधूनच गायब होतो’ म्हणतात, त्यातील कितीतरी तक्रारी एवढ्या एका केबलने मिटतात. प्लॅटफॉर्ममध्ये डॉंगलचा मार्ग देताना पोर्टच्या क्रमांकाऐवजी डॉंगलच्या सिरियल क्रमांकावर आधारलेला कायमचा मार्ग निवडावा, कारण दुसरे यूएसबी साधन जोडताच पोर्टचा क्रमांक बदलू शकतो.

चौथी पायरी: नव्याला आधी फक्त पाहू देणे

एका उपकरणाला एका वेळी एकानेच आज्ञा द्यावी. नव्या प्लॅटफॉर्मला सुरुवातीचे काही दिवस सेन्सरचे संदेश ऐकू द्यावेत, नोंदी साठवू द्याव्यात, पण त्याचे नियम बंद ठेवावेत. एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीवर हे सहज साधते: जुन्या आणि नव्या ब्रोकरमध्ये (संदेश वाटणाऱ्या सर्व्हरमध्ये) मॉस्किटो या ब्रोकर-सॉफ्टवेअरचा ब्रिज बांधला की उपकरणांना हात न लावता त्यांचे सर्व संदेश नव्या बाजूला दिसू लागतात. हा ब्रिज प्रथम जुन्याकडून नव्याकडे असा एकाच दिशेने ठेवावा. दोन्ही दिशांना तेच विषय (संदेश ज्या नावाखाली जातात ती नावे) मोकळे सोडले तर संदेश गोल फिरत राहतात.

हा नियम मी एकदा मोडला आणि त्याची आठवण पक्की राहिली. जिन्यातील हालचालीचा सेन्सर दोन्ही प्लॅटफॉर्म ऐकत होते आणि दोन्हीकडे ‘हालचाल झाली की दिव्याची स्थिती उलट कर’ असाच नियम होता. कोणी पायरीवर पाय ठेवला की रिलेचा टक असा आवाज येई, लगेच दुसरा टक येई आणि जिना अंधारातच राही. मी आधी रिलेवर संशय घेतला, बॉक्स उघडला, वायर घट्ट केल्या, शेवटी रिलेही बदलला. लॉगमध्ये एकाच सेकंदात दोन ठिकाणांहून आलेल्या दोन आज्ञा दिसल्या तेव्हा खरे कारण कळले. तेव्हापासून ‘उलट कर’ ही आज्ञा मी नियमांत वापरत नाही. ‘चालू कर’ आणि ‘बंद कर’ या आज्ञा चुकून दोनदा गेल्या तरी परिणाम तोच राहतो.

पाचवी पायरी: प्रोटोकॉलनुसार स्थलांतर

सोप्याकडून अवघडाकडे जावे. टास्मोटा हे फर्मवेअर चालवणाऱ्या वाय-फाय साधनांत केवळ एमक्यूटीटी ब्रोकरचा पत्ता बदलायचा असतो. विषयाचे नाव तसेच ठेवले की ओळखही तशीच राहते. एका साधनाचे सेटिंग दुसऱ्यावर उतरवले असेल तर दोघांचा क्लायंट आयडी एकच नाही ना हे पाहावे, कारण एकाच आयडीने दोन साधने आली की ब्रोकर आधीच्याला बाहेर काढतो आणि दोघेही आळीपाळीने तुटत राहतात. जुन्या ब्रोकरवरील राखून ठेवलेले संदेश नव्यावर आले असतील, तर काढून टाकलेली साधनेही भुतासारखी यादीत दिसतात. त्या विषयावर रिकामा संदेश ‘राखून ठेवा’ या खुणेसह पाठवला की ती पुसली जातात. उत्पादकाच्या क्लाउडवर चालणारी वाय-फाय साधने स्थानिक कीने नियंत्रित करायची असतील, तर त्यांच्या अॅपमध्ये ती पुन्हा जोडू नयेत. तुया कंपनीच्या साधनांत पुन्हा जोडणी होताच ती की बदलते.

मॅटरमध्ये समांतर चालवण्याची सोय मुळातच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीपासूनच एका उपकरणाने किमान पाच स्वतंत्र नियंत्रण-जाळ्यांत सहभागी होता आले पाहिजे, अशी अट आहे. म्हणून उपकरण जुन्या प्लॅटफॉर्ममधून काढायचे नसते. जुन्यात ‘दुसऱ्या प्लॅटफॉर्मशी जोडा’ हा पर्याय निवडून मिळालेला तात्पुरता कोड नव्यात टाकायचा असतो. ही खिडकी फार तर पंधरा मिनिटे उघडी राहते, त्यामुळे नवे अॅप आधीच उघडून ठेवावे. स्थानिक नेटवर्कवर आयपीव्ही-६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बंद असेल तर जोडणी शेवटच्या टप्प्यावर अडते. उपकरण थ्रेड या रेडिओ जाळ्यावर चालणारे असेल, तर नव्या प्लॅटफॉर्ममध्ये दिसू लागल्यावरही ते रेडिओच्या दृष्टीने जुन्या बॉर्डर राउटरच्याच (थ्रेडचे जाळे घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्राच्याच) जाळ्यात असते. तो राउटर लगेच काढून टाकला, तर उपकरण दोन्हीकडून नाहीसे होते.

झिगबीचे दोन प्रकार पडतात. जुने नेटवर्क तुमच्याच डॉंगलवर असेल तर ओळख नेता येते. बंद हबमध्ये असेल तर नेटवर्कची की बाहेर मिळत नाही.

पहिल्या प्रकारात ताजा बॅकअप घ्यावा, जुने सॉफ्टवेअर थांबवावे, जुने डॉंगल काढावे आणि मगच नव्यावर बॅकअप उतरवावा. चॅनल, पॅन आयडी (जाळ्याचा ओळख-क्रमांक), विस्तारित पॅन आयडी आणि १२८ बिटांची नेटवर्क की यांच्याबरोबर कोऑर्डिनेटरचा ६४ बिटांचा पत्ताही नव्यावर गेला पाहिजे. तो गेला नाही तर दिवे आज्ञा मानतात, पण सेन्सर आपले अहवाल जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतात आणि तापमानाचा आकडा एका जागी थिजतो. सिलिकॉन लॅब्जच्या काही चिपांवर हा पत्ता एकदाच लिहिता येतो, म्हणून बटण दाबण्यापूर्वी तो अंक-अक्षर जुळवून पाहावा. डॉंगल एकाच चिप-कुटुंबातील असतील तर हा प्रवास सर्वांत सरळ होतो.

यानंतरचा अर्धा तास धीराचा असतो. मेनवरील दिवे आणि प्लग काही मिनिटांत उत्तर देतात. बॅटरीवरील सेन्सर झोपलेले असतात; ते आपल्या वेळेने जागे होतील तेव्हाच बोलतील. या वेळी घाबरून त्यांना काढून पुन्हा जोडायला घेऊ नये. प्रत्येकावरील बटण एकदा हलके दाबावे, दरवाजाचा सेन्सर असेल तर दरवाजा उघडून मिटावा, आणि नोंदवहीत पत्त्यासमोर खूण करत जावे. दुसऱ्या दिवशीही जे गप्प असतील तेवढेच पुन्हा जोडावेत, आणि तेही जुनी नोंद न पुसता, म्हणजे पत्ता जुळून आधीचे नाव परत मिळते.

दुसऱ्या प्रकारात पहिला प्रश्न विचारावा: जुने हब हलवलेच पाहिजे का? फिलिप्स ह्यू ब्रिजसारख्या हबला स्थानिक एपीआय आहे, त्यामुळे नवा प्लॅटफॉर्म त्याच्यामार्फत दिवे चालवू शकतो. असे हब पहिल्या टप्प्यात पूल म्हणून तसेच ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. पुन्हा जोडणी करावीच लागणार असेल, तर एक पेच आधी समजून घ्यावा. नवे जाळे कोऑर्डिनेटरपासून बाहेर वाढते, म्हणून जवळची मेनवरील उपकरणे आधी जोडायची असतात. पण हीच उपकरणे जुन्या जाळ्यात दूरच्या खोल्यांचे संदेश पुढे पोहोचवत असतात; ती काढताच जुन्या जाळ्यातील दूरची टोके तुटतात. यावर मला पटलेला उपाय म्हणजे दोन-तीन नवे झिगबी प्लग आधी नव्या जाळ्यात जोडून ते दूरच्या खोल्यांच्या वाटेवर लावावेत, आणि या तात्पुरत्या पायाडावरून घराची एक-एक बाजू पूर्ण हलवावी. दोन्ही जाळ्यांचे चॅनल वेगळे ठेवावेत. वाय-फाय १, ६ आणि ११ वर असेल तर झिगबीसाठी १५, २० आणि २५ हे तुलनेने मोकळे असतात. प्रत्येक उपकरण जुन्या अॅपमधून रीतसर काढावे आणि त्याच्या कायमच्या जागीच जोडावे, टेबलावर जोडून मग खोलीत नेऊ नये.

नव्याने जोडणी होतच असेल तर नेटवर्क कीकडेही लक्ष द्यावे. झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या जुन्या मांडण्यांत कागदपत्रांत छापलेली मूळ कीच वापरात राहिलेली आढळते, आणि ती सर्वांना ठाऊक आहे. की बदलली की सर्व उपकरणे पुन्हा जोडावी लागतात, म्हणून एरवी हे टाळले जाते. येथे ते कष्ट होणारच आहेत, तर स्वतःची की तयार करून घ्यावी.

झेड-वेव्हमध्ये स्टिक तीच ठेवून फक्त सॉफ्टवेअर बदलायचे असेल, तर स्टिक आणि सर्व की नव्या यंत्रावर न्याव्यात. उपकरणांची पुन्हा चौकशी होते आणि झोपलेल्या उपकरणांना त्यांचे बटण दाबून जागे करावे लागते. त्याआधी मृत नोंदी जुन्या प्लॅटफॉर्ममधूनच काढून टाकाव्यात, नाहीतर त्या सोबत येतात आणि नेटवर्क मंद करतात. स्टिकही बदलायची असेल, तर झेड-वेव्ह जेएस ५०० मालिकेतील स्टिकच्या मेमरीचा बॅकअप ७०० मालिकेसाठी रूपांतरित करू शकते. नवी स्टिक त्याच प्रदेशाच्या वारंवारितेची हवी, कारण हा प्रोटोकॉल प्रदेशानुसार वेगळ्या वारंवारितेवर चालतो. जुने हब पूर्णपणे बिघडले असले तरी मार्ग उरतो: कोणताही झेड-वेव्ह कंट्रोलर ‘वगळणे’ या अवस्थेत दुसऱ्याच्या जाळ्यातील उपकरण मोकळे करू शकतो. त्यानंतर नव्याने जोडताना डीएसकेमधील पहिले पाच अंक विचारले जातात, तेव्हा पहिल्या पायरीत काढलेला फोटो हाताशी असतो.

सहावी पायरी: नावे आणि नियम

जुने नियम एकेक ओळ उतरवून काढण्याचा मोह टाळावा. प्रत्येकासमोर लिहिलेले कारणाचे वाक्य घ्यावे आणि नव्या प्लॅटफॉर्मच्या पद्धतीने तो नियम नव्याने लिहावा. जुन्या हबच्या मर्यादेमुळे चार नियमांत विभागलेले काम अनेकदा एका नियमात मावते, आणि काही नियम कोणालाच नको असल्याचे लक्षात येते. होम असिस्टंटमध्ये नियम शक्यतो एन्टिटी आयडीवर (उपकरणातील एकेका स्विचच्या किंवा सेन्सरच्या नावावर) बांधावेत, डिव्हाइस आयडीवर नव्हे. उपकरण बदलले किंवा नव्याने जोडले की डिव्हाइस आयडी बदलतो; एन्टिटी आयडी मात्र तुम्ही पूर्वीचाच देऊ शकता. विजेच्या वापराची जुनी आकडेवारीही त्याच आयडीखाली पुढे चालू राहते. तेथे तपशीलवार नोंदी मूळ सेटिंगनुसार दहा दिवसच टिकतात, तर दीर्घकालीन आकडेवारी पुसली जात नाही. म्हणून डेटाबेस सोबत आणणे सार्थ ठरते.

नियम खोलीनुसार चालू करावेत: जुन्या प्लॅटफॉर्मवरील त्या खोलीचे नियम बंद, मग नव्यावरील सुरू, आणि घरातील सर्वांना ते सांगून दोन दिवस निरीक्षण. कुलपे, पाण्याचा पंप, गळतीचे आणि धुराचे सेन्सर सर्वांत शेवटी हलवावेत.

सातवी पायरी: बिघाड मुद्दाम घडवून पाहणे

सगळे सुरळीत चालू असताना इंटरनेटची केबल काढावी, नंतर कंट्रोलरचे यंत्र बंद करावे, आणि शेवटी मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू करावा. प्रत्येक वेळी भिंतीवरचा स्विच दाबून दिवा लागतो का हे पाहावे. वीज परत आल्यावर रिले कोणत्या स्थितीत जातो ही सेटिंग उपकरणातच असते आणि नव्याने जोडताना ती मूळ मूल्यावर गेलेली असू शकते. पंपाच्या रिलेसाठी ती ‘बंद’ अशीच हवी.

जुनी यंत्रणा महिनाभर जपून ठेवावी, पण वीजपुरवठ्याविना. ज्या डॉंगलची ओळख नव्यावर उतरवली आहे ते चुकूनही पुन्हा चालू झाले, तर एकाच पत्त्याचे दोन कोऑर्डिनेटर एकाच घरात बोलू लागतात आणि जाळे विस्कटते. म्हणून त्यावर ‘लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. व्हॉइस असिस्टंटमधील जुनी जोडणी काढावी, नाहीतर ‘हॉलचा दिवा’ दोनदा दिसतो. जुन्या क्लाउड खात्यातील उपकरणे काढावीत, दिलेले अॅक्सेस टोकन रद्द करावेत, आणि महिना सरल्यावर डॉंगल दुसऱ्या कामाला किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची मेमरी पुसून टाकावी, कारण तुमच्या घराची नेटवर्क की अजूनही त्यात असते.